अडकलेला ब्रेक कॅलिपर घरच्या खळ्यात कसा सोडवायचा

आंब्याचा हंगाम आटोपून मुंबईला गेलेले चाकरमानी गणपतीला परत येतात, तोवर गावच्या घरी ठेवलेली गाडी तीन महिने एकाच जागी उभी असते. कोकणचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि त्यातला बराचसा याच महिन्यांत पडतो. वर समुद्राचं खारं वारं. गाडी सुरू करून पुढे घेतली की चाकातून "खट्" आवाज येतो आणि गाडी सुटते. इथवर घाबरण्यासारखं काही नाही. चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क बिडाची असते, तिच्यावर एका रात्रीत गंज चढतो, तिला दाबून थांबवणारा पॅड तिला चिकटून बसतो. चार-सहा वेळा ब्रेक दाबले की डिस्क पुन्हा चकचकीत होते.

पण पाच किलोमीटर गेल्यावरही गाडी जड वाटत असेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, उतारावर न्यूट्रलला टाकूनही गाडी रेंगाळत असेल आणि थांबल्यावर एकाच चाकाजवळ जळका वास येत असेल, तर ब्रेक धरून बसला आहे. हे काम घरी करता येतं. मी मालवण तालुक्यात राहतो, किनाऱ्यापासून घर जेमतेम अर्धा किलोमीटर. माझ्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांचे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे ब्रेकचे जबडे, मी गेली काही वर्षं खळ्यातच उघडतो आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला पूर्ण दिवस लागेल असं धरून चाला.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढच्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे नेणारी स्प्रिंग मात्र कुठेच नाही. ते काम एक चौकोनी काठाचं रबरी सील करतं. पिस्टन पुढे जाताना सील थोडं पिळवटतं, दाब गेला की मूळ आकाराला येतं आणि पिस्टनला सोबत घेऊन मागे येतं. हा परतीचा प्रवास केसाएवढा असतो. एवढ्याशा हालचालीत थोडा गंजही आडवा आला तरी ब्रेक धरतो.

गंज नेमका कुठे येतो, हे मला उशिरा कळलं. पहिल्या वेळी मी पॅड काढले, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून पिस्टन आत दाबला, वरून गंज सोडवणारा स्प्रे मारला, चाक मोकळं फिरलं म्हणून खूश झालो. तीन आठवड्यांनी कोल्हापूरला निघालो तर फोंडा घाट चढून दाजीपूरला पोचेपर्यंत डाव्या चाकातून धूर येत होता. चढ होता म्हणून निभावलं. तोच घाट उतरताना ब्रेक ऑइलला उकळी फुटली असती, तर पेडल रिकामं गेलं असतं. घरी येऊन कॅलिपर पूर्ण उघडला तेव्हा दिसलं, की पिस्टन बऱ्यापैकी साफ होता. गंज होता तो सील ज्या खाचेत बसतं त्या खाचेत, सीलच्या मागे. तिथे पांढरट-तांबूस खरपुडी साचली होती आणि तिने सीलला मागून रेटून पिस्टनवर आवळून धरलं होतं. बाहेरून कितीही ढकला, कितीही स्प्रे मारा, त्या खाचेपर्यंत काही पोचत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: समुद्राकाठच्या गाडीचा पिस्टन नुसता आत ढकलून काम संपवू नका. तो बाहेर काढा, खाच साफ करा, सील नवीन घाला.

दोष कुठे आहे ते आधी ठरवा

गाडी सपाट जागी घ्या. खळं शेणाने सारवलेलं असेल तर जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घाला. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरला टाका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक लावून गाडी उचला आणि लगेच खाली जॅक स्टँड द्या. इथे एक धोक्याची सवय सांगतो. आपल्याकडे घरोघरी जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि स्टँड म्हणून तेच रचले जातात. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे भार सगळ्या अंगाने सारखा येतो. गाडीचा भार एका टोकावर आला की तो न सांगता फुटतो. चाकामागे अडसर म्हणून चिरा लावा, गाडीखाली कधीच नको. पुढे चाक काढाल तेव्हा ते मात्र गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवा.

गिअर न्यूट्रल करा आणि कोणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा. सोडल्यावर चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज येणं ठीक आहे. दोन्ही हातांनीही चाक फिरत नसेल, तर कॅलिपरवरचं ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची छोटी तोटी) रिंग पान्याने किंचित सैल करा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक एकदम मोकळं झालं, तर पिस्टनचा दोष नाही. रबरी होज पाइप आतून सुजला आहे किंवा पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. होज बाहेरून नवा दिसतो आणि आतून बंद झालेला असतो. ऑइल जाताना पेडलच्या जोराने जातं, परत येताना अडतं. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर दोष पिस्टनमध्ये किंवा गाइड पिनांमध्ये आहे. ही दोन मिनिटांची तपासणी न करता कॅलिपर उघडणाऱ्यांचा पुरा दिवस फुकट जातो.

निपल गंजलेलं असेल तर त्यावर जबरदस्ती करू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा, सकाळी पान्यावर हलक्या टिचक्या मारत सोडवा. ते मोडलं तर घरच्या हत्यारांनी निघत नाही.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांबद्दल एवढंच, की हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर बहुतेक पिस्टन फिरवत आत न्यावे लागतात. नुसते दाबले तर आतली यंत्रणा तुटते. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर हे काम गॅरेजलाच द्या. इथून पुढचं सगळं पुढच्या साध्या कॅलिपरसाठी आहे.

काय काय लागेल

तुमच्या मॉडेलचं कॅलिपर किट, ज्यात सील आणि पिस्टनभोवती धूळ-पाणी अडवणारं रबरी डस्ट कव्हर असतं. होजच्या बोल्टचे दोन नवीन तांब्याचे वॉशर. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपीवर लिहिलं असेल त्याच ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. ब्रेक क्लीनर, रबराला चालणारं लाल ग्रीस किंवा सिलिकॉन ग्रीस, बारीक पॉलिश पेपर, सी-क्लॅम्प, रिंग पाने आणि गोटी पाने, निपलवर बसेल अशी पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, बाइंडिंग वायर, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. बोल्ट ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळता येणारा टॉर्क पाना मिळाला तर फार बरं.

ऑइलच्या डब्याबद्दल जरा थांबतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. कोरडं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना हा फरक जीवावरचा असतो. म्हणून गेल्या वर्षीचा अर्धा डबा वापरू नका, आणि हे काम पावसात उघड्यावर करू नका. शिवाय ऑइल रंग खातं. बॉनेटवर थेंब पडला तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता.

आणि रॉकेल, डिझेल, पेट्रोल, खोबरेल या चारही गोष्टी कॅलिपरच्या आतल्या भागापासून लांब ठेवा. आपल्याकडे अडकलेलं काहीही सोडवायला हात आधी रॉकेलच्या बाटलीकडे जातो. ब्रेकच्या रबराला तेल लागलं की ते फुगतं, आणि नवीन सील महिनाभरात पुन्हा पिस्टन धरतं.

पिस्टन बाहेर काढणं

चाक काढा. पॅडची धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढून कॅलिपर उचला आणि वायरने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगून ठेवा. होजवर लोंबकळू देऊ नका. पॅड काढा, कुठला आतला आणि कुठला बाहेरचा ते खडूने लिहा, क्लिपा कशा बसल्या होत्या त्याचा फोटो काढा.

आता दोन्ही गाइड पिना हाताने सरकवून बघा. त्या बोटाने सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. निम्म्या वेळा खरा दोष इथेच सापडतो. पिन घट्ट असेल तर बाहेर काढा, जुनं सुकलेलं ग्रीस पुसा, गंज पॉलिश पेपरने घासा, लाल ग्रीस लावून परत घाला. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, त्यांची अदलाबदल करू नका.

पिस्टन काढायला सर्वांत सुरक्षित ताकद म्हणजे गाडीचं स्वतःचं पेडल, म्हणून होज अजून सोडू नका. कॅलिपरच्या जबड्यात पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवा, खाली थाळा धरा, आणि कोणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, ती रिकामी होता कामा नये. मला मदतीला शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा असतो. त्याला आधीच बजावलेलं असतं, की मी सांगितल्याशिवाय पाय हलवायचा नाही.

"काका, पेडल जड लागता हा," तो आतून सांगतो.

"हळू दाब रे. धर. आता सोड."

पिस्टन पहिल्यांदा हलतो तो एखाद्या मिलिमीटरने, आणि मागे गंजाची तांबडी रेघ दिसते. तिथेच अडला तर सी-क्लॅम्पने थोडा आत न्या, पुन्हा पेडलने बाहेर, पुन्हा आत. आत दाबताना ब्लीड निपल नळी लावून उघडं ठेवा, म्हणजे घाण ऑइल मागे एबीएसच्या युनिटकडे जात नाही. दहा-बारा वेळा असं केल्यावर बहुतेक पिस्टन वाट देतात. कॉम्प्रेसरची हवा मारून पिस्टन उडवण्याचा प्रकार घरी करू नका. तो गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर बोट जातं.

पिस्टन जवळजवळ पूर्ण बाहेर आला, की थांबा. पेडल इंच-दीड इंच दाबलेल्या स्थितीत राहील अशी काठी पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवा. त्यामुळे मास्टर सिलिंडरचं भोक झाकलं जातं आणि होज सोडल्यावर टाकीतलं ऑइल वाहून जात नाही. मागचे ब्रेक लाइट मात्र पेटून राहतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. आता होजचा बोल्ट सोडा, दोन्ही तांब्याचे वॉशर टाकून द्या, होजचं तोंड स्वच्छ प्लास्टिकने बांधा. पिस्टन हाताने फिरवत ओढून घ्या.

साफसफाई

पिस्टन धुऊन उजेडात धरा आणि अंगठ्याचं नख त्याच्या अंगावरून फिरवा. नुसता डाग असेल तर पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून गोल दिशेने हलकेच घासा. नख कुठे अडकलं, म्हणजे खड्डा पडला आहे किंवा क्रोमचा पापुद्रा उडाला आहे, तर तो पिस्टन पुन्हा वापरू नका. सील पिस्टनच्या याच अंगावरून सरकतं, तिथे खड्डा असला तर ऑइल गळणार आणि सील कापलं जाणार. नवीन पिस्टन मिळतो, नाही तर पूर्ण कॅलिपर बदला.

जुनं सील काढायला लाकडाची किंवा बांबूची अणकुचीदार काडी घ्या. स्क्रू ड्रायव्हरने खाचेच्या कडेला ओरखडा येतो. सील निघालं की टॉर्च धरून खाचेत बघा. तीच ती जागा. काडीला कापड गुंडाळून, ब्रेक क्लीनर मारत, खाचेचा तळ आणि दोन्ही कडा कोरडा पांढरा कपडा फिरवल्यावर डाग लागणार नाही इतक्या साफ करा. मला यात अर्धा तास लागतो आणि मी तो घाईने उरकत नाही. डस्ट कव्हर जिथे बसतं ती बाहेरची खाचही तशीच. तिथे गंज राहिला तर कव्हर नीट बसत नाही आणि पुढच्या पावसात खारं पाणी पुन्हा आत जातं.

जोडणी

नवीन सीलला ताजं ब्रेक ऑइल लावून खाचेत बसवा आणि बोट गोल फिरवून बघा. कुठेही पीळ जाणवला नाही पाहिजे.

डस्ट कव्हर बसवताना नवशिका हमखास अडतो. आधी पिस्टन आत घातला तर कव्हरची कड खाचेत जातच नाही. सोपी रीत अशी: कव्हर पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवा, असं की त्याची मोठी कड त्या मागच्या टोकाच्या पलीकडे लोंबत राहील. पिस्टन कॅलिपरच्या तोंडाशी धरून ती मोठी कड बोटाने सगळीकडून बाहेरच्या खाचेत सारा. ती पक्की बसली की मग पिस्टनला ऑइल लावून दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबा. सील ओलांडताना किंचित विरोध जाणवतो, मग पिस्टन गुळगुळीत आत जातो. शेवटी कव्हरची छोटी कड पिस्टनच्या खाचेत "टप" करून बसते. पिस्टन तिरका गेला तर हातोडी उचलू नका. बाहेर काढून परत सरळ धरा. आधी खाच साफ केली असेल तर अंगठ्यांची ताकद पुरते, आणि नाही पुरली तर खाच साफ झालेली नाही असं समजा.

दोन नवीन वॉशर घालून होज जोडा, तो पिळलेला नाही ना बघा. पॅडच्या कानांना आणि मागच्या धातूला ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, घासणाऱ्या तोंडाला बोटही लावू नका. पॅडला ऑइल लागलं असेल तर तो जोड टाकून द्या, आणि पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. डिस्क तापून निळी पडली असेल किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली असेल, तर तीही बदला. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा.

हवा काढणं

काठी काढा, टाकी भरा. निपलला नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. मदतनीस पेडल दाबून धरेल, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचं, बुडबुडे येतील, निपल बंद करायचं आणि मगच त्याने पेडल सोडायचं. हा क्रम एकदा जरी चुकला तरी हवा परत आत जाते. "दाबलंस? … सोडू नको … आता सोड," असं मोठ्याने बोलत करा. दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. बुडबुडे पूर्ण थांबून स्वच्छ ऑइल यायला लागलं की झालं. पेडल विटेसारखं घट्ट हवं. ते स्पंजासारखं दबत असेल तर हवा आहे, आणि दोन-तीनदा करूनही जात नसेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

पहिली फेरी

चाक लावा, नट एकाआड एक आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळा. बॅटरीची तार जोडा. इंजिन सुरू करण्याआधी पेडल पंप करून घट्ट करा, कारण पिस्टन आत राहिला असेल तर पहिला पाय थेट तळाला जातो. हे विसरून गाडी पडवीच्या खांबाला लागल्याची उदाहरणं माझ्या वाडीतच आहेत. खळ्यात चालण्याच्या वेगाने दोन-चार वेळा थांबून बघा, एक हात हँडब्रेकवर. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासचा वेग वीसवर आणा, पूर्ण न थांबता, अर्धा-पाऊण मिनिट थांबून पुन्हा, असं आठ-दहा वेळा. परत या, शेवटचा थोडा रस्ता ब्रेक न लावता गाडी सोडून द्या, आणि थांबल्यावर हाताचा पंजा दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ धरा. दोन्हीकडची धग सारखी हवी. मग होजचा बोल्ट आणि निपल कोरड्या कागदाने पुसून गळती बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

गाडी पावसाळाभर ठेवून जायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरला टाका आणि चारही चाकांना दगड लावा. घरी कोणी असेल त्याला सांगा, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून खळ्यातच पुढे-मागे घ्यायची आणि पेडल चार-पाच वेळा पूर्ण दाबायचं. पिस्टन हलता राहिला की खाचेत गंजाला बसायला फुरसत मिळत नाही. किनाऱ्यावरून किंवा जेटीवरून आल्यावर चाकांवर आतल्या बाजूने गोडं पाणी मारा, पण लगेच उभी करू नका, एक किलोमीटर फिरवून डिस्क सुकवून आणा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. मी स्वतः मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही पुढची चाकं काढतो, गाइड पिनांना ग्रीस देतो आणि डस्ट कव्हरला कुठे चीर गेली आहे का, ते टॉर्च लावून बघतो. गेल्या मे महिन्यात डाव्या कव्हरला तांदळाएवढी चीर सापडली, आणि पहिला पाऊस पडायच्या आत ते बदललं.